खर्जाचा वाटा

जुन्या ऑर्केस्ट्रांची पत्रके जपून ठेवण्याची आम्हांस खोड आहे. गणेशोत्सवात, नवरात्रात आणि साईभंडाऱ्याच्या निमित्ताने उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत वाटली गेलेली ही पिवळी-गुलाबी कागदाची पाने. त्यांवर गायक-गायिकांची नावे ठळक असतात. किशोरकुमारांचा किंवा मुकेशांचा आवाज काढणाऱ्यास 'आवाजाचा जादूगार' म्हटलेले असते. निवेदकाचे, ढोलकीपटूचे, ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्याचे आणि मंडप घालणाऱ्याचेही नाव असते. बेस गिटार वाजवणाऱ्याचे नाव मात्र आमच्या संग्रहातील एकाही पत्रकावर नाही. त्यांपैकी कित्येक कार्यक्रमांत बेस वाजवणारे आम्हीच होतो, तेव्हा ही तक्रार आपलेपणाची आहे हे आधीच कबूल करतो. पण प्रश्न नावाचा नाही. एका वाद्याने या पट्ट्यात तीसेक वर्षे काढली आणि ते निघून गेले. ते का गेले याविषयी जे सांगितले जाते, ते आम्हांस पटत नाही.

हा भूभाग गाण्याबजावण्यास अनुकूल होता, याचे कारण त्याच्या वस्तीत आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिच्या ओस पडलेल्या बराकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी आजही लोक 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतात. शेजारच्या अंबरनाथला १०६० साली पूर्ण झालेले शिलाहारांचे शिवालय, आणि त्याच गावात विमकोचा काडेपेटीचा कारखाना, आयुधनिर्माणी, पुढे औद्योगिक वसाहत. बदलापूर त्या मानाने शांत. आगरी-कोळी गावठाण, भातशेती आणि मुंबईत जागा न परवडणाऱ्या मराठी नोकरदारांच्या चाळी. अशा वस्तीत एकाच आठवड्यात चेटीचंडला छेज, भीमजयंतीला भीमगीते, आगरी घरात हळद आणि कारखान्याच्या वसाहतीत हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम, असे चार वेगळे श्रोतृवर्ग मिळत. वाजवणारे बहुधा तेच असत.

खर्जाचा इतिहास मात्र या गावांत सुरू होत नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत खालचा सूर प्रारंभी डबल बेस धरी. हे माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे वाद्य होते आणि वाजवणारे बहुतांशी गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून, हॉटेलांतील जॅझ बँडांत हात घोटून ते स्टुडिओत आलेले असत. तिकडे अमेरिकेत १९५१ साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस बाहेर पडला. गळ्यात अडकवता येणारे, पडदे असलेले आणि अ‍ॅम्प्लिफायरवर चालणारे हे वाद्य. तारा त्याच चार आणि डबल बेसच्याच स्वरांत लावलेल्या. मात्र पडदे असल्याने सूर चुकण्याची भीती कमी, आणि टॅक्सीच्या टपावर बांधून नेण्याची गरज नाही. त्याआधी, १९३६च्या सुमारास, सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी असेच वाद्य करून विकले होते, पण ते चालले नाही. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस गिटार ऐकू येऊ लागला, तेव्हा श्रोत्यांना 'काहीतरी नवीन' वाटले. त्या नवीनतेचे नाव बेस आहे हे पुष्कळांस कळले नाही. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ साली आले, तेव्हा कोठे ही नावे एकत्र वाचावयास मिळाली. ए. आर. रहमान यांनी कॅसेटच्या आवरणावर वादकांची नावे द्यावयास सुरुवात केली आणि तेथे 'बेस गिटार : कीथ पीटर्स' अशी ओळ आम्ही प्रथम वाचली. ती आम्ही एकमेकांस दाखवीत हिंडलो, हे आठवते.

आम्ही बेसकडे वळलो ते १९८६च्या पावसाळ्यात, आणि तेही गिटारवादक दोन झाले म्हणून. बहुतेक बेसवादकांची कथा हीच असते. दोघांतला जो कमी बोलतो त्याच्या हाती बेस येतो. शिकवणारे गृहस्थ गोव्याचे, रेल्वेत नोकरीला, विठ्ठलवाडीस राहत. त्यांना आम्ही अंकल म्हणत असू. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले की उजव्या हाताचे काम सूर काढण्याचे कमी आणि थांबवण्याचे अधिक आहे. जाड तार एकदा छेडली की घुमत राहते. पुढचा सूर येण्यापूर्वी मागचा बोटाने मिटवला नाही, तर मंडपात चिखल होतो. हा 'चिखल' शब्द त्यांचाच. दोन महिने त्यांनी आम्हांस फक्त थांबावयास शिकवले. धोबीतलावच्या दुकानांतील परदेशी वाद्ये आम्ही काचेतून पाहिली आणि कलकत्त्याचे गिव्हसन विकत घेतले. मानेला बारीकसा बाक होता, बाराव्या पडद्यापुढे सूर चढत असे. पण आमच्या गाण्यांत बाराव्या पडद्यापुढे जाण्याचे कारण पडत नसे. पहिल्या पाच पडद्यांत पोट भरत होते.

पोट भरण्याचा खरा खर्च वाद्याचा नव्हे, आवाजाचा असतो. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने पावते. असा सूर मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत नेण्यास मोठा स्पीकर, बंदिस्त जड पेटी आणि गिटारच्या कित्येक पट अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. कर्णे या कामास निरुपयोगी. त्यांतून बेस म्हणजे डास. आमची पेटी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातील एका सिंधी कारागिराने केली. कपाटे करणारा माणूस, त्याने स्पीकरची पेटी कधी पाहिलेली नव्हती. पण दार घट्ट बसावे, फळी वाजू नये हे त्याला कपाटामुळे ठाऊक होते, आणि स्पीकरच्या पेटीचे शास्त्र पुष्कळसे तेवढेच आहे. मरीन प्लाय, आतून आडव्या पट्ट्या, सांध्यांना सरस, पंधरा इंची स्पीकर. पेटी उत्तम झाली आणि तिला उचलावयास दोन माणसे लागू लागली. हे वजन पुढे आमच्या गोष्टीत महत्त्वाचे ठरणार आहे.

तालीम बराकीतल्या खोलीत होई. खर्ज भिंत ओलांडतो, वरचे सूर अडतात. त्यामुळे शेजारणीला गाणे ऐकू येत नसे, पण तिच्या मांडणीवरची स्टीलची भांडी नेमकी एका सुराला किणकिणत. तो सूर ए होता, म्हणजे पांढरी सहा. ती बाई तक्रार करावयास आली तेव्हा अंकल म्हणाले, "वहिनी, तो सूर आम्ही गाळतो." आणि खरोखरच तालमीपुरता आम्ही तो वरच्या सप्तकात घेऊ लागलो.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुस्तकांत ती नाही. परदेशी पुस्तके बेसच्या तारा ई, ए, डी, जी अशा लावावयास सांगतात. आमचे गायक पेटीवर वाढलेले. ते 'काळी एक', 'काळी दोन' सांगतात, बायका 'काळी चार', क्वचित 'काळी पाच'. पुस्तकी जुळणीत या सुरांना एकही मोकळी तार मिळत नाही. डावा हात सतत दाबून दाबून दुसऱ्या अंकापर्यंत गळून जातो. अंकलनी चारही तारा अर्ध्या सुराने खाली उतरवल्या. तेव्हा मोकळ्या तारा झाल्या काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन. मराठी ऑर्केस्ट्राचे जणू अर्धे काम त्या जुळणीनेच केले. काळी पाच तेवढी राहते, ती काळी चारच्या तारेवर दुसऱ्या पडद्याला सापडते. तार किंचित सैल होते, म्हणून एक क्रमांक जाड तारांचा संच घ्यावा. सैल तारेवर जोरात वाजवले तर ती पडद्यांवर आपटून खडखडते. पण जोरात वाजवणे हा बेसवाल्याचा गुण नव्हेच.

दुसरी गोष्ट ढोलकीची. ड्रमसेटच्या सवयीने शिकलेला बेसवादक लावणीत किंवा कोळीगीतात हमखास घसरतो. ड्रमच्या ठोक्याला ठरलेला सूर नसतो, म्हणून बेस त्यावर निर्धास्त बसतो. ढोलकीचा धुम मात्र स्वतःच खर्जात बोलतो, आणि तळव्याने दाबून तो सूर घसरवलाही जातो. तेथे बेसने चार ठिकाणी तोंड घातले तर दोघांचेही बोलणे कळत नाही. आठ मात्रांच्या केरव्यात समेवर एक आणि पाचव्या मात्रेला एक, एवढे देऊन गप्प राहावे, आणि ढोलकीवाल्याने तुकडा घेतला की समेपर्यंत हात तारांवर ठेवावा. भीमगीतांत आणि कव्वालीत याहूनही सावध असावे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या परंपरेतील गाणे शब्दांवर चालते, कॉर्डवर नव्हे. दर ओळीला बेसचा सूर बदलला तर गाणे इंग्रजी बाजाचे वाटू लागते. अशा वेळी तानपुऱ्यासारखे षड्ज-पंचमावर बसून राहणे हेच वादन. आम्ही हे उशिरा शिकलो. कॅम्प तीनमधील एका भीमजयंतीला कव्वाल बुवांनी भर कार्यक्रमात वळून नुसते आमच्या हाताकडे पाहिले. त्यानंतर आमचे कॉर्ड कमी झाले.

मंडपातील विजेविषयी सांगावे तेवढे थोडे. आपल्या विजेचे आंदोलन सेकंदाला ५० आणि बेसच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा जी, म्हणजे पांढरी पाच, ४९ कंपनांचा. अर्थिंग नीट नसले की अ‍ॅम्प्लिफायर जो गुरगुराट करतो तो जवळजवळ पांढरी पाचचाच असतो, किंचित चढा. त्या सुरातील गाण्याला बेस आणि वीज यांच्यात एक लहर उठते आणि श्रोत्यांस वाटते बेसवाला बेसूर आहे. हे एकवेळ परवडले. पण बेसच्या तारा एका अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या, आणि माइक दुसऱ्याच्या. दोघे वेगवेगळ्या फेजवरून घेतलेले आणि एकाचे अर्थिंग सुटलेले असेल, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावणाऱ्यास बसणारा झटका जिवावर बेतू शकतो. बदलापुरास एका पावसाळी कार्यक्रमात आम्ही त्या झटक्याने स्टेजवरून मागे फेकले गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून घेणे, माइकवर स्पंजची टोपी चढवणे आणि खिशात टेस्टर बाळगणे हे तीन नियम आम्ही मोडलेले नाहीत.

आता वजनाकडे येतो. टेम्पो परवडत नसे, म्हणून सामान लोकलच्या मालडब्यातून जाई. कर्जत गाडीच्या त्या डब्यात मासळीच्या पाट्या, भाजीच्या करंड्या, आणि त्यांच्यामध्ये आमची पेटी. कोळणी तिच्यावर बसत आणि वर आम्हांसच दरडावत. जागा वाचवण्यासाठी आम्ही गिटारची मान चार स्क्रू काढून वेगळी करीत असू. तसे कोणी करू नये. वर्षभरात लाकडातील भोके सैल झाली आणि मान हलू लागली. उपाय मात्र हाताशी होता. भोकांत सरस घालून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा पिळले. काड्या अंबरनाथच्याच. ती मान आजतागायत हललेली नाही.

बेस का गेला, याचे सर्वमान्य उत्तर 'कीबोर्डने खाल्ला' असे आहे. चव बदलली, लोकांना इलेक्ट्रॉनिक आवाज आवडू लागले, असेही म्हणतात. आमच्याजवळ आमच्या ऑर्केस्ट्राची हिशेबाची वही आहे. १९८७ ते १९९४ पर्यंतची, आमच्याच हस्ताक्षरातली, कारण वाणिज्य शाखेचे म्हणून ते काम आमच्याकडे होते. ती वही वेगळे सांगते. मिळकतीचे वाटे पडत. मुख्य गायकाचे दोन, इतरांचा एकेक, ध्वनिव्यवस्थेचे वेगळे. बेसचा वाटा एकच, पण त्याच्या नावावर दुसऱ्या रकान्यात सतत काही ना काही पडलेले दिसते. हमाली. मालडब्याचे तिकीट. शेवटची गाडी चुकल्यास रिक्षा, आणि पेटी मावत नाही म्हणून दुसरी रिक्षा. पावसात भिजलेल्या स्पीकरचा कोन. सगळे मिळून बेस हा एक वाटा नव्हताच, पावणेदोन होता. गायकाखालोखाल महाग वाद्य आमचे होते, आणि त्याचे नाव पत्रकावरही नव्हते.

१९९३च्या दिवाळीनंतर आमच्या एका सहकाऱ्याने सिंगापूरहून आलेला कीबोर्ड घेतला. डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या की तो आपोआप बेस वाजवी. रोलंड कंपनीचा ऑक्टापॅड १९८५पासून बाजारात होता आणि आमच्याकडेही आलेला होता, म्हणजे ड्रमसेट आधीच गेला होता. बैठक अंबरनाथ पूर्वेस एका सदस्याच्या घरी झाली. आवाजाचा प्रश्न कोणी काढलाच नाही, कारण सर्वांस ठाऊक होते की तो बेस यंत्राचा आहे, ढोलकीवाल्याने तुकडा घेतला तरी थांबत नाही. प्रश्न निघाला तो पावणेदोन वाट्यांचा, आणि आकडे वाचून दाखवणारे आम्ही. हात वर करावयास सांगितले तेव्हा आम्हीही केला. दुसरे काय करणार होतो? वही आमचीच होती. अंकल त्या बैठकीस नव्हते. आम्ही चार दिवसांनी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पेटी कोण ठेवणार?"

या घटनेकडे आम्ही पुष्कळ दिवस आपल्या गावची क्षुद्र गोष्ट म्हणून पाहत होतो. नंतर समजले की याच हिशेबावर जगभर यंत्रे तयार झाली होती. रोलंडने १९८०च्या दशकारंभी टीबी-३०३ नावाची पेटी काढली, ती एकट्या गिटारवाल्यास बेसवादकाची गरज पडू नये म्हणून. ती बेससारखी वाजतच नसे, आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. पण तिच्या टाकाऊपणातून शिकागोच्या तरुणांनी नवे नृत्यसंगीत काढले. त्यांच्याही आधी, १९८२ साली, मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य घालवलेल्या चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. ती कोणी घेतली नाही. २०१० साली हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा उतारवयात त्यांना परदेशी रंगमंच मिळाला. २०१५ साली ते गेले.

आमच्या पट्ट्यात बेस गेला, खर्ज मात्र गेला नाही. उलट तो इतका वाढला की आता त्याचे खटले होतात. नव्वदीच्या अखेरीस हळदीत आणि मिरवणुकीत बेंजो पथकांच्या जोडीस 'डॉल्बी' आली, अठरा इंची स्पीकरांच्या भिंती आल्या. बेंजो म्हणजे मुळात १९१२ साली जपानात नागोया येथे निघालेले ताइशोगोतो. आपण त्यास पिकअप लावून रस्त्यावर आणले. 'बेस आला पाहिजे' हे वाक्य आज बदलापूरच्या कोणत्याही हळदीत ऐकू येते, आणि त्याचा अर्थ छाती हादरली पाहिजे एवढाच असतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि २००५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रात्री दहाची सीमा घातली, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. यात एक गंमत आहे. पोलिसांचे मापक 'ए' वजनाने मोजते, म्हणजे मानवी कान ज्या सुरांस बोथट आहे ते सूर कमी धरते. ४० कंपनांच्या आसपास ही सूट सुमारे ३४ डेसिबलची आहे. सगळ्यांत दूर जाणारा, भिंती ओलांडणारा, भांडी वाजवणारा सूर मापकाला जवळपास ऐकूच येत नाही. पत्रकात नाव नव्हते, येथे आकड्यातही नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या छातीला ही सूट लागू नाही. बेस थांबवावयास शिकवणाऱ्या गुरूच्या शिष्यांस या गोष्टीचा आनंद मानता येत नाही.

मोहिनी डे यांच्यासारखी १९९६ साली मुंबईत जन्मलेली बेसवादक आज जगभर नावाने ओळखली जाते, आणि मुलांना बेस म्हणजे काय हे आता सांगावे लागत नाही. दोन वर्षांपूर्वी बदलापूर पश्चिमेहून एक महाविद्यालयीन मुलगा पेटी पाहावयास आला. चौघांचा बँड आहे, मराठी गाणी स्वतः करतात, तालमीची खोली तासावर भाड्याने घेतात. पेटीवर आमच्याकडे तीस वर्षे गव्हाचा डबा ठेवलेला होता. डबा उतरवला, जाळी काढली. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता, लाकूड मात्र जसेच्या तसे, सांधा कुठे उघडलेला नाही. त्याने वाकून आतल्या आडव्या पट्ट्या पाहिल्या आणि ही कोणत्या कंपनीची म्हणून विचारले. आम्ही कपाटवाल्याचे सांगितले. पैसे घेतले नाहीत, पण गायिका कोणत्या सुरात गाते ते विचारले. तो म्हणाला, जी शार्प. म्हणजे काळी चार. मग त्याला बसवून घेतले आणि चारही तारा अर्ध्या सुराने खाली उतरवावयास लावल्या. खाली रिक्षावाला पेटी मावत नाही म्हणून भांडत होता.